जुना थिंकपॅड: पैसे आधी कशावर घालायचे?

प्रश्न: मी घरून भाषांतराचं काम करते. दोन आठवड्यांपूर्वी एक वापरलेला लॅपटॉप घेतला: लेनोवो थिंकपॅड टी४५०, आय५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. आधी कुठल्याशा ऑफिसात होता म्हणे. सुरू व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. ब्राउझरमध्ये तीन टॅब उघडले की सगळं गोठतं. पंखा सतत घरघरतो आणि चार्जर काढला की पाऊण तासात मशीन मान टाकतं. विंडोज ११ त्यावर चढत नाही. भाचा म्हणतो, “मावशी, भंगारात दे.” माझ्याकडे आत्ता एकाच गोष्टीपुरते पैसे आहेत. रॅम घेऊ, एसएसडी घेऊ की बॅटरी? आणि लिनक्स मला झेपेल का?

उत्तर: भाच्याचं इतक्यात मनावर घेऊ नका. घोडं कुठे अडलंय ते तुमच्या पत्रातच आहे: ५०० जीबीची हार्ड डिस्क. एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर एसएसडी घ्या, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती ठेवणारी डिस्क. रॅम त्यानंतर, बॅटरी सगळ्यात शेवटी. आणि हो, लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम, तुम्हाला नक्की झेपेल.

पण काहीही विकत घेण्याआधी दोन संध्याकाळी या मशीनला द्या. त्यात एक पैसाही खर्च होणार नाही. लॅपटॉप घेऊन दोनच आठवडे झालेत, म्हणजे विकणाऱ्याकडे तक्रार घेऊन जायची वेळ कदाचित अजून गेलेली नसेल. म्हणून आधी हे बघा, की हे मशीन खरोखर तुमचं झालंय का.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, परत सुरू करा आणि लेनोवोचं नाव दिसताच एफ१ दाबा. बायॉसची, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या मूळ प्रोग्रामची, पाटी उघडेल. तिथे सुपरवायझर पासवर्ड मागितला आणि तो विकणाऱ्याला माहीत नसेल, तर मशीन परत करा. थिंकपॅडचा हा पासवर्ड मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो, आतली छोटी बॅटरी काढून तो पुसला जात नाही. कंपनीचा अधिकृत उपाय एकच आहे, मदरबोर्ड बदलणे. त्याच बायॉसमध्ये सिक्युरिटीखाली ‘कॉम्प्युट्रेस’ नावाची नोंद असते. ती चोरी झालेलं मशीन शोधण्याची सोय आहे. ती चालू दिसली तर आधीच्या कंपनीने मशीन आपल्या यादीतून सोडवलंय का, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. ऑफिसातून आलेल्या लॅपटॉपमध्ये आणखी एक अडचण निघू शकते. विंडोज नव्याने टाकताना अचानक एखाद्या कंपनीच्या नावाची लॉगिनची पाटी समोर येते, कारण मशीनची ओळख अजून त्या कंपनीच्या खात्यात नोंदलेली असते. जुन्या विंडोजमध्ये याचा मागमूसही दिसत नाही. म्हणून परत द्यायची मुदत शिल्लक असेल तर विंडोज एकदा ‘रीसेट’ करून बघाच. तुमचं काम त्यावर अजून साचलेलं नाही, तेव्हा गमवायला काही नाही.

हे सगळं ठीक निघालं की दुसरी संध्याकाळ निदानाची.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा आणि मग नेहमीसारखं ब्राउझर, वर्ड, शब्दकोश असं सगळं उघडा. मला जवळजवळ खात्री आहे की तुम्हाला हे दिसेल: प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर निवांत बसलाय आणि डिस्कचा आकडा शंभरला चिकटलाय. पाणी तिथेच मुरतंय.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पैसे कशावर घालतोय ते डोळ्यांना दिसेल. लॅपटॉपमधल्या बहुतेक हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते. म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी असलेली माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, शिवाय सुई योग्य वर्तुळापर्यंत सरकायला वेळ लागतो तो वेगळा. असे पंधराएक मिलिसेकंद दर वेळी जातात. म्हणजे इकडून तिकडून तुकडे गोळा करायचे असतील तर सेकंदाला साठ-सत्तरच तुकडे हाती लागतात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागतं. एसएसडीत फिरणारं काही नसतं, तिथे हाच वेळ साधारण एक दशांश मिलिसेकंद असतो. जाहिरातीत सेकंदाला ५५० एमबी असा वेग लिहितात, तो खरा आहे, पण तुम्हाला रोज जाणवणारा फरक या शोधाशोधीच्या वेळेतला आहे. इथे आधी रॅम घालणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

रॅमचा त्यात काहीच दोष नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ४ जीबी भरली की मशीन उरलेला पसारा डिस्कवर ठेवतं, आणि डिस्क आधीच धापा टाकतेय. तीन टॅबमध्ये गोठतंय ते या दोन्हींच्या युतीमुळे. पण एसएसडी बसल्यावर तोच पसारा ठेवणं-काढणं इतकं लवकर होतं की ४ जीबीवरही काही महिने निभावता येतं. उलट करून बघितलं, रॅम वाढवली आणि हार्ड डिस्क तीच ठेवली, तर सुरू व्हायला चार-पाच मिनिटं लागतच राहतील.

आता खरेदी. २.५ इंची, साटा जोडणीची, ७ मिलिमीटर जाडीची एसएसडी घ्या. च्युइंगमच्या पट्टीसारखी दिसणारी एनव्हीएमई नको, हार्ड डिस्कच्या जागी ती बसणार नाही. भाषांतराच्या फायलींना जागा फारशी लागत नाही, २५० जीबीच्या आसपासची पुरेल. नाव माहीत असलेल्या कंपनीची आणि वॉरंटीची घ्या. अनोळखी नावाच्या स्वस्त एसएसडीवर मी माझं काम ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका.

जोवर विंडोज सुरू होतंय तोवर दोन कामं उरकून घ्या. लेनोवोच्या साइटवरून बायॉसचं शेवटचं अपडेट उतरवा आणि चार्जर लावून, बॅटरी भरलेली असताना टाका. २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या ज्या मोठ्या त्रुटी उघड झाल्या त्यांच्यावरचे उपाय अशा अपडेटमधून आले. आणि कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ ही कमांड ‘बॅटरीरिपोर्ट’ या पर्यायासह चालवा. एक पान तयार होईल. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आज उरलेली. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे लागतील.

मग उघडायची वेळ. याची भीती वाटणं साहजिक आहे, पण थिंकपॅडची ही मॉडेलं दुरुस्त करता यावीत अशीच बनवलेली आहेत. प्रत्येक भाग कसा काढायचा याची चित्रांसकट पुस्तिका लेनोवोच देतं, फुकट. ती उतरवून शेजारी उघडी ठेवा.

टी४५० ची एक खुबी आहे जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. याला दोन बॅटऱ्या असतात. मागची दिसते, दुसरी पोटात असते. मागची काढली म्हणून मशीन मेलं असं समजू नका, आतून वीज चालूच असते. म्हणून आधी बायॉसमध्ये कॉन्फिगखाली पॉवरमध्ये जा आणि ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ निवडा. मशीन आपोआप बंद होईल आणि पुन्हा चार्जर लावेपर्यंत आतली बॅटरी झोपून राहील. त्यानंतरच मागची बॅटरी काढा, हाताने एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज घालवा, आणि मग स्क्रू. स्क्रू ढिले केले तरी झाकणालाच लटकून राहतात, हरवायची भीती नाही. झाकण मात्र कडेच्या खाचांमध्ये घट्ट बसलेलं असतं. जुनं प्लॅस्टिक कार्ड फटीत घालून हळूहळू फिरवत जा. टक् टक् असा आवाज येईल. खाचा सुटतायत, काही तुटत नाहीये. स्क्रूड्रायव्हरचं लोखंडी टोक घालून उचकटू नका, कडा कायमच्या चेपतात.

आत डोकावलंत की आधी पंख्याकडे बघा. पंख्याची हवा जिथून बाहेर पडते तिथे तांब्याच्या पातळ पात्यांची जाळी असते. तिच्या आतल्या अंगाला, पंख्याच्या बाजूला, धुळीचा एक करडा थर जमलेला सापडेल. तो भुरभुरीत नसतो, चक्क नमद्यासारखा असतो. चिमट्याने टोक धरलं तर कधी कधी पट्टीच्या पट्टी अख्खी निघून येते आणि तिच्यावर जाळीच्या रेघा उमटलेल्या दिसतात. इतकी वर्षं मशीन त्या पट्टीतून श्वास घेत होतं. बाहेरून फुंकर मारून किंवा व्हॅक्युम लावून ही पट्टी हलत नाही, उलट आणखी आत जाऊन बसते, म्हणून झाकण उघडण्याला पर्याय नाही. मऊ ब्रशने सगळं झाडून घ्या. हवेचा डबा वापरणार असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोराने पंखा भलत्याच वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं.

प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारी थर्मल पेस्ट बदला असं तुम्हाला अनेक जण सांगतील. मी म्हणेन, आज नको. धूळ काढल्यावर आठवडाभर वापरा. साधं टाइप करतानाही तापमान ८५-९० अंशांच्या वर राहत असेल तरच तिकडे वळा. एका वेळी एकच बदल केला की कशाने फरक पडला ते कळतं, आणि काही बिघडलं तर कशाने बिघडलं तेही.

हार्ड डिस्क एका धातूच्या चौकटीत बसवलेली असते. ती चौकट काढून एसएसडीला घाला आणि जशी होती तशी परत बसवा. जोडणीची पट्टी नाजूक असते, तिला सरळ रेषेत ओढा, वाकवू नका. यात पंधरा मिनिटांच्या वर काही नाही.

जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचा मोह होईल. तो टाळा. त्या विंडोजमध्ये आधीच्या माणसाने काय काय घालून ठेवलंय ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि तुम्ही त्याच मशीनवरून बँकेचे व्यवहार करणार आहात. कोऱ्या डिस्कवर कोरी सिस्टीम टाका.

कुठली टाकायची, हा तुमच्या पत्रातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न. विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं. जास्तीच्या अपडेटची योजना घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा पाचव्या पिढीचा आहे, टीपीएमही जुना. ही तपासणी चुकवून विंडोज ११ टाकता येतं, विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह तयार करतानाच तशी सोय मिळते, आणि ते चालतंही. पण असं चढवलेल्या मशीनला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. खेळायला ठेवलेल्या मशीनवर मी हे खुशाल करेन. ज्यावर दुसऱ्याचा मजकूर आणि तुमचं उत्पन्न अवलंबून आहे, त्यावर करू नका.

तुमच्यासाठी मी लिनक्स मिंट सुचवतो. तिची २२ ही आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तिच्यातली एक्सएफसीई ही प्रत हलकी आहे, ४ जीबीत बसते. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, फोल्डर उघडायची पद्धत, सगळं ओळखीचं वाटेल.

मात्र आधी एक गोष्ट तपासा, कारण तुमचा व्यवसाय भाषांतराचा आहे. तुमचे ग्राहक ट्रॅडॉस स्टुडिओ हे भाषांतराचं सॉफ्टवेअरच मागत असतील तर ते विंडोजवरच चालतं, आणि मग लिनक्सवर जाण्यात अर्थ नाही. अशा वेळी विंडोज १० वाढीव अपडेटसह मुदतीपर्यंत वापरा आणि दरम्यान आठव्या पिढीच्या मशीनसाठी पैसे बाजूला टाकत राहा. एसएसडी तेव्हाही वाया जाणार नाही, साटाची जागा असलेल्या मशीनमध्ये ती उचलून लावता येते. ग्राहकांना फक्त नीट मांडलेली फाइल हवी असेल तर ओमेगाटी हे भाषांतराचं मोफत सॉफ्टवेअर लिनक्सवर उत्तम चालतं आणि भाषांतर-स्मृतीही, म्हणजे आधी केलेल्या वाक्यांचा साठाही, सांभाळतं. लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या फायली उघडतात. साध्या मजकुराला अडचण येत नाही, पण तक्ते आणि चौकटी खचाखच भरलेल्या फायलींची मांडणी थोडी हलते. तुमच्या कामातल्या सगळ्यात किचकट दोन-तीन फायली उघडून बघा आणि मग ठरवा. मराठी टायपिंगची काळजी नको. युनिकोड इनस्क्रिप्टचा कळफलक सेटिंगमध्ये जोडला की झालं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फायली तुमच्याकडे असतील तर त्या तेवढ्या विंडोज असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

ठरवण्यासाठी मशीनला हात लावायचीही गरज नाही. मिंटची फाइल पेनड्राइव्हवर चढवा, सुरू करताना एफ१२ दाबून पेनड्राइव्ह निवडा, आणि डिस्कवर काहीही न बदलता मिंट समोर चालू होईल. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतंय का, हे सगळं तिथेच कळतं. वेगावरून मत बनवू नका, पेनड्राइव्हवरून ते रेंगाळणारच. जात्यावर बसलं की ओवी सुचते तसं आहे हे. तासभर वापरलंत की ‘झेपेल का’ हा प्रश्न तुम्हाला मला विचारावासा वाटणार नाही.

पुढच्या महिन्यात जमेल तेव्हा रॅम. टी४५० ला दोन खाचा आहेत. एकीत ४ जीबीची पट्टी असेल आणि दुसरी रिकामी असेल तर आणखी ४ किंवा ८ जीबीची घाला. दोन पट्ट्या असल्या की ग्राफिक्सलाही बरं पडतं, कारण या मशीनला वेगळी ग्राफिक्स मेमरी नाही, ते याच रॅममधून वाटा घेतं. घेताना पट्टीवर ‘डीडीआर३एल’ आणि १.३५ व्होल्ट लिहिलंय का ते बघा. शेवटच्या त्या ‘एल’ अक्षरापायी माझी एक अख्खी रात्र गेली आहे. अशाच एका थिंकपॅडमध्ये मी १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ पट्टी बसवली होती. खाचेत ती बिनतक्रार बसली. आकार, दाते, सगळं सारखंच. बटण दाबलं की दिवा लागायचा आणि स्क्रीन काळीच. मदरबोर्ड जाळला अशी खात्री होऊन मी पहाटेपर्यंत एकेक भाग काढून लावत बसलो होतो. सकाळी जुनी पट्टी परत घातली आणि मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

बॅटरीसाठी थांबा असं मी म्हटलं, त्याचं कारण तुम्ही घरून काम करता, चार्जर हाताशी असतो. वहीतले आकडे आता बघा. मागची बॅटरी आधी वापरली जाते आणि ती संपली की आतली सुरू होते. जिची उरलेली क्षमता मूळच्या निम्म्याहून खाली गेलीय तीच बदलायची, दोन्ही एकदम नको. मिंटमध्ये टीएलपी नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, त्यातून बॅटरी ८० टक्क्यांवर भरायची थांबवता येते. सतत चार्जरवर राहणाऱ्या मशीनच्या बॅटरीचं आयुष्य त्याने खरंच वाढतं. एका बाबतीत मात्र एक दिवसही थांबू नका. झाकण उघडल्यावर आतली बॅटरी फुगलेली दिसली, किंवा टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, तर ती वापरणं लगेच बंद करा. तिला टोचू नका, दाबू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

चांगला स्क्रीन, नवा कळफलक असलं काही आत्ता मनात आणू नका. नाकापेक्षा मोती जड व्हायला नको. व्हिडिओ अडखळत असतील तर तो मशीनचा आजार समजू नका. यूट्यूब हल्ली व्हीपी९ या प्रकारात व्हिडिओ देतं आणि इंटेलमध्ये त्याची पूर्ण हार्डवेअर सोय सातव्या पिढीपासून आली. एच.२६४ या जुन्या प्रकारात व्हिडिओ मागणारं एक्स्टेंशन ब्राउझरला जोडा, पंखाही शांत होईल.

राहिली ती काढून ठेवलेली हार्ड डिस्क. एखाद्या कागदात गुंडाळून महिनाभर खणात ठेवा, काही राहून गेलं असेल तर परत लावता येईल. महिन्यानंतर ती पूर्ण पुसा. नुसतं डिलीट करू नका, सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिणारा पर्याय वापरा, कारण त्या ऑफिसातल्या कुणाची तरी कागदपत्रं अजून तिच्यावर असू शकतात. पुसून झाल्यावर यूएसबीच्या डब्यात घालून बॅकअपला वापरायची असेल तर आधी तिची तब्येत बघा, विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये, मिंटवर ‘डिस्क्स’मध्ये. ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब झालेले किंवा होऊ घातलेले तुकडे, यांच्यापुढे शून्य असेल तर दुसरी प्रत ठेवायला ती चालेल. शून्याऐवजी काहीही आकडा दिसला तर तिच्यावर तुमची एकही फाइल ठेवू नका.